तुझी वीस तारीख होती म्हणून सांगितलं नाही

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, सी.ए. आहे. आधी तीन वर्षं एका फर्ममध्ये नोकरी केली, आता सहा वर्षं नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरजवळ स्वतःचं ऑफिस आहे. दोन आर्टिकल (सी.ए. होण्यासाठी काम शिकणारी मुलं), एक अकाउंटंट मुलगा आणि मी. क्लायंट एकशे दहाच्या आसपास : सातपूर-अंबडमधली छोटी वर्कशॉप, तीन-चार द्राक्ष निर्यातदार, दोन डॉक्टर, बाकी दुकानदार. मिस्टर अंबडला कारखान्यात आहेत, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्या आमच्याजवळ असतात. मुलगा पाच वर्षांचा.

गेल्या महिन्यात वीस तारखेला थ्री-बी (क्लायंटची जीएसटीची विवरणं) भरता भरता रात्रीचे नऊ वाजले. घरी पोचले तर मुलगा झोपलेला आणि कपाळावर ओली पट्टी. दुपारी दोनपासून ताप होता, १०३. सासूबाई एकट्याच त्याला रिक्षाने डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि आल्या. मी म्हटलं, अहो आई, फोन का नाही केला? तर म्हणाल्या, ‘तुझी वीस तारीख होती म्हणून सांगितलं नाही.’ रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. अगदी साधं बोलल्या, आणि मला रात्रभर झोप आली नाही.

माझी आई म्हणते, प्रॅक्टिस बंद कर, नोकरी धर, मूल मोठं झालं की बघू. मिस्टर म्हणतात, तू ठरव, मी मदत करतोच. मला काही सुचत नाही. आणखी एक : सुट्टीत मुलाला ऑफिसात आणलं तर चालेल का, की क्लायंटसमोर ते बरं दिसत नाही?

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला निफाडच्या आमच्या घराचा ओटा दिसायला लागला, म्हणून आधी तेच सांगते.

मी १९९० साली रविवार कारंजाजवळ पाटी लावली. ही गोष्ट १९९८ची. टॅक्स ऑडिटची मुदत तेव्हा ३१ ऑक्टोबर असायची. सगळं कागदावर, आणि शेवटच्या दिवशी आयकर कार्यालयाच्या खिडकीपुढे रांग. दिवाळी नेमकी त्याच महिन्यात आली. भाऊबिजेला मी माहेरी गेलेच नाही. भाऊच नाशिकला आला, तासभर टेकला, ओवाळून घेतलं आणि निघाला. ३१ ला शनिवार होता. शेवटच्या पोचपावतीवर शिक्का बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी फराळाचा डबा घेऊन एसटीने निफाडला गेले.

माझे वडील, अप्पा, ओट्यावर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. झालं होतं नाशिकमध्ये, माझ्या ऑफिसपासून दोन चौकांवर. भावाबरोबर बसने आले, ऑपरेशन करून घेतलं आणि बसनेच परत गेले. मला कळवायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. भाऊबिजेला भाऊ माझ्यासमोर बसून चकली खाऊन गेला, पण एक अक्षर बोलला नाही. मी अप्पांना विचारलं तर म्हणाले, ‘तुझा ऑक्टोबर होता ना.’

दुपारी डोळ्यात थेंब टाकायची वेळ झाली. मी वहिनीच्या हातातून बाटली घेतली. खालची पापणी बोटाने ओढली, पहिला थेंब गालावर पडला, दुसराही. अप्पा मान वर करून शांत बसून होते. शेवटी वहिनीनेच माझं मनगट धरून बाटली सरळ केली. तिला तीन आठवड्यांत सवय झाली होती. त्या दिवशी मला जे वाटलं ते आज सत्तावीस वर्षांनंतरही तसंच्या तसं आठवतं.

म्हणून तुला सांगते, तू किती तास काम करतेस याचा हिशेब आपण नंतर करू. नऊ वाजता घरी येणारी आई मुलाला चालते, महिन्यातून चार वेळा तर नक्कीच चालते. काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तुझ्या घराने तुझ्या तारखा पाठ केल्यात, ७ टीडीएसची, ११ जीएसटीआर-वनची म्हणजे विक्रीच्या विवरणाची, २० थ्री-बीची, आणि त्या तारखांना घरातली बातमी तुझ्यापर्यंत न पोचवायची, असं मायेपोटी ठरवून टाकलंय. माझ्या घरानेही तेच केलं होतं. पुढे पुढे ते वीस तारखेपुरतं राहत नाही. सप्टेंबर अख्खा जातो, मग मार्च जातो, आणि एक दिवस आपल्याला घरातल्या गोष्टी शेजारणीकडून कळतात.

तेव्हा पहिलं काम आजच कर. सासूबाईंशी बोल. ‘का नाही सांगितलंत’ असं नको, त्यात जाब विचारल्यासारखं होतं. एवढंच सांग की आई, मला उशिरा कळलं की माझा जीव जास्त तुटतो, मला तेव्हाच्या तेव्हा सांगा, मी येऊ शकले नाही तरी सांगा. आमच्याकडे त्या नोव्हेंबरात हे शब्दांत ठरलं. ताप, पडणं-झडणं, दवाखाना आणि शाळेतून आलेला फोन या गोष्टी कॅलेंडर बघून सांगायच्या नाहीत. ऑफिसातल्या मुलांनाही सांगून ठेवलं की घरचा फोन आला तर कुणीही समोर बसलेलं असो, मला उठवायचं. सुरुवातीला माझ्या सासूबाईंना अवघड गेलं. ‘तू कामात असशील’ हे वाक्य त्यांच्या तोंडून जायला वर्ष लागलं.

आता तुला न आवडणारं एक बोलते. सासूबाईंबद्दल तू लिहिलंस, ‘त्या आमच्याजवळ असतात.’ पण ६८ वर्षांच्या बाईने दुपारच्या उन्हात तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन रिक्षा शोधली, दवाखान्यात नंबर लावला, औषधं आणली, पट्ट्या ठेवल्या आणि तू आल्यावर तुला वाढलंही असेल. घर तर त्या चालवताहेत. त्यांचे गुडघे कसे आहेत, त्यांचं भजनी मंडळ किंवा भिशी काही आहे का, दुपारी तासभर पडायला मिळतं का, यातलं काहीच पत्रात नाही. दुपारी तीन ते सात घरी एक बाई ठेव, मुलाच्या मागे पळायला. तिचा पगार घरखर्चात न धरता ऑफिसच्या भाड्यासारखा धंद्याचा खर्च समज. तो पगार परवडत नसेल तर तुझी फी कमी आहे. त्याकडे येतेच.

नोकरीचं. तुझ्या आईंचा सल्ला मायेचा आहे, पण नोकरीचं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे जुनं असावं. नोकरीत काही गोष्टी खरंच चांगल्या आहेत. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली, प्रॅक्टिस करणाऱ्या बाईला त्यातला एक दिवसही नाही. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर याचं वजन मोठं आहे, ते तू मनाशी ठरव. पण कारखान्याच्या फायनान्स विभागातही दर महिन्याचं क्लोजिंग असतं, आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिमाहीचे निकाल ४५ दिवसांत आणि वर्षाचे ६० दिवसांत द्यावेच लागतात. म्हणजे तारखा तिथेही आहेत, फक्त त्या दुसरा कुणी ठरवतो. मोठ्या पगारासाठी मुंबई धरलीस तर सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडायची आणि रात्री घरी यायला दहा. असं वीस-वीस वर्षं केलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण तुझ्या आत्ताच्या दुखण्यावर ते औषध नाही. शिवाय सीओपी, म्हणजे प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र, परत केलं तरी सदस्यत्व राहतं, ते पुढे पुन्हा घेताही येतं. सहा वर्षांत जोडलेले एकशे दहा क्लायंट मात्र परत मिळत नाहीत. माझं मत विचारशील तर बंद करू नकोस. छोटी कर.

छोटी कशी, ते सांगते, कारण खरी अडचण तिथे आहे असं मला वाटतं.

तुझ्या वर्कशॉपवाल्यांपैकी आणि दुकानदारांपैकी किती जणांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या आत आहे? बहुतेकांची असणार. ते अजून महिन्याच्या महिन्याला थ्री-बी भरतात का? १ जानेवारी २०२१ पासून जीएसटीची तिमाही योजना आहे, तुला माहीत आहेच, पण ‘नंतर बघू’ म्हणून राहून गेलं असेल. तिच्यात गेलं की वर्षाला बारा थ्री-बीऐवजी चार, आणि आपल्या महाराष्ट्राला तारीख २२. मधल्या दोन महिन्यांत २५ पर्यंत चलनाने कर भरायचा, तेवढं अकाउंटंट करतो. सातपूरची एखादी मोठी कंपनी तुझ्या वर्कशॉपवाल्याला म्हणेल की आम्हाला क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दर महिन्याला दिसलं पाहिजे. त्याच्यासाठी आयएफएफ ही सोय आहे, मधल्या दोन महिन्यांत १३ तारखेपर्यंत तेवढीच बिलं चढवायची. एप्रिल ते जूनच्या तिमाहीसाठी हा पर्याय १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात निवडता येतो. पुढची खिडकी उघडली की एक शनिवार काढ आणि जेवढे बसतात तेवढे सगळे हलव. तुझी वीस तारीख त्या एका शनिवारात निम्मी होईल.

उरलेली निम्मी क्लायंटच्या सवयीवर आहे. याबाबतीत मी एक गोष्ट फार उशिरा शिकले, २०१५च्या सिंहस्थात. त्या वर्षी नाशिकच्या पर्वण्या २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला होत्या. १७ ला घरोघरी गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमीची पर्वणी. माझं ऑफिस रविवार कारंजाला, गोदाघाटापासून हाकेच्या अंतरावर. जिकडे तिकडे बॅरिकेड लागणार हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि ३० सप्टेंबरची ऑडिटची मुदत डोक्यावर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी एकेकाला फोन करून सांगितलं, १० सप्टेंबरपर्यंत कागद आले नाहीत तर नंतर मला ऑफिसला पोचताच येणार नाही. पंचवीस वर्षं ज्यांनी २६ सप्टेंबरच्या आत एक बिल दाखवलं नव्हतं, त्यांनी ९ तारखेला फायली आणून दिल्या. एक जण तर पासबुक छापून घेऊन आला.

१८ तारखेला रस्ते बंद होते आणि मी घरी होते. माझ्या प्रॅक्टिसमधला तो पहिला सप्टेंबर, ज्यात मी गौरीच्या आधी निवांत बसून फुलवाती केल्या. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती, ती शेजारी येऊन बसली आणि दोन तास बोलत राहिली. त्या दोन तासांत मला तिच्याबद्दल जे कळलं ते एरवी कळलं नसतं.

लोकांनी पोलिसांचं बॅरिकेड मानलं, कारण ते हलणार नाही याची त्यांना खात्री होती. माझं मी दर वर्षी स्वतःच उचलून बाजूला ठेवत होते. ‘बरं, आणा उद्या’, ‘पाठवा रात्री, बघते.’ दुसऱ्या वर्षी पर्वणी नव्हती, तरी मी १० सप्टेंबरच सांगितली. आठ-दहा जणांनी ताणून बघितलं. त्यांना मी शांतपणे म्हटलं, तुमचं काम मी करीन, पण ज्यांनी वेळेवर दिलं त्यांचं आधी. दोघे सोडून गेले, बाकी वळणावर आले.

तुझ्यासाठी महिन्याचं बॅरिकेड १२ तारीख. खरेदी-विक्रीची बिलं आणि बँक स्टेटमेंट १२ पर्यंत. हे तोंडी सांगू नकोस, कामाच्या पत्रातच लिही आणि त्यावर सही घे. पुढे हेही लिही की त्यानंतर आलेल्या कागदांमुळे उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शून्य विवरण असेल तर २०, आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज ही क्लायंटची जबाबदारी. हे लिहिताना तुला अपराधी वाटेल, मलाही वाटायचं. पण विचार कर, एका दुकानदाराचे ५० रुपये वाचावेत म्हणून तू नऊपर्यंत बसलीस, आणि त्याच वेळी घरी १०३ ताप होता. त्या दुकानदाराला हे माहीतही नाही, आणि माहीत असतं तर तोच म्हणाला असता, ताई, तुम्ही घरी जा.

ओटीपीचंही वेळापत्रक लाव. रात्री अकराला ‘शेठ, ओटीपी आला का’ करत बसणं, तेवढ्यात त्याचा फोन बंद, मग पुन्हा नवा ओटीपी, हे तू रोज करत असणार. संध्याकाळी पाच ते सहा हीच ओटीपीची वेळ, त्या वेळेत फोन हातात ठेवा, असं सगळ्यांना कळवून टाक. तो तास अकाउंटंट सांभाळेल. ऑडिटची सही, यूडीआयएन (सही केलेल्या कागदाचा क्रमांक) आणि तुझी स्वतःची डीएससी (डिजिटल सही) मात्र कुणाच्या हातात देऊ नकोस, कितीही घाई असो.

फी. एकशे दहापैकी तळाचे वीस क्लायंट कोण ते काढ. ज्यांचे फोन जास्त, फी कमी आणि तीही थकलेली. नवीन पाटी लावलेल्या एखाद्या होतकरू मुलाकडे ते सन्मानाने सोपव, स्वतः बरोबर जाऊन ओळख करून दे. उरलेल्यांची फी वाढव. आणि एप्रिलमध्ये बँक ब्रांच ऑडिट मिळतं म्हणून घेत असशील तर दोन वर्षं थांब. एप्रिलमध्ये मुलाची शाळा संपत आलेली असते, तो महिना त्याला दे.

जमलं तर अजून एक बघ. तुझ्यासारखीच एकटी प्रॅक्टिस करणारी, तुझ्या विश्वासातली एखादी मैत्रीण. लगेच भागीदारी नको. आधी एवढंच ठरवा की एकीच्या घरी काही निघालं तर दुसरी तिच्या ऑफिसात जाऊन बसेल, फोन घेईल, मुलांना मार्गी लावेल. माझी अशी एक मैत्रीण होती, कॉलेजरोडला. १९९९ ते २०१४ आम्ही हे केलं. तिच्या सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात मी सलग नऊ दिवस तिच्या खुर्चीत बसले होते. अप्पा गेले तेव्हा ती माझ्या.

मिस्टर म्हणतात, ‘मी मदत करतोच.’ चांगलं आहे, पण मदत हा शब्द मला खटकतो. त्यांना कुठलं काम त्यांचं, ते नेमून दे. पहिल्या शिफ्टचा आठवडा असेल तेव्हा ते चारच्या सुमारास घरी येतात. वीस तारीख ज्या आठवड्यात येते तो आठवडा पहिल्या शिफ्टचा मिळतो का, अदलाबदल होते का, हे त्यांनी सुपरवायझरला विचारावं. त्यांनीच, तू नाही. आणि मुलाचा डॉक्टर, लसीचं कार्ड आणि शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आजपासून त्यांच्याकडे.

आता डायरीचं. ३१ मार्चच्या कामात रंगपंचमी बुडते, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालायचं. पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगपंचमीला रंगाने भरतात ते जमिनीतले हौद, नाशिकमध्ये आहेत आणि माझ्या मुलांनी त्या सात-आठ वर्षांची होईपर्यंत पाहिल्या नव्हत्या, याची मला लाज वाटली. १९९९पासून मी नवीन डायरी आली की आधी रंगपंचमी, दोघांचे वाढदिवस आणि निफाडचे दोन रविवार लाल शाईने लिहायची, मग ऑडिट. शनी चौकातल्या रहाडीवरच्या फळ्या काढलेल्या, आत रंगाचं पाणी काठोकाठ, आणि माझा मुलगा नाक दाबून, डोळे मिटून धप्पा मारायला उभा. पाणी उडून माझी साडी कमरेपर्यंत भिजली. त्या दिवशी कुणाचा कुठला कागद राहिला होता ते मला आठवत नाही.

मुदतवाढीच्या भरवशावर मात्र राहू नकोस. २०२५ मध्ये ऑडिट अहवालाची ३० सप्टेंबरची तारीख ३१ ऑक्टोबरवर गेली आणि तिथून पुढे १० नोव्हेंबरवर. ज्यांनी तिची वाट पाहिली त्यांची दिवाळी ऑफिसात गेली. तू तुझी १० सप्टेंबर सोडू नकोस.

शेवटी मुलाला ऑफिसात आणण्याचं. आण, बिनधास्त आण. माझी दोघंही माझ्या टेबलाखाली वाढली. अंबडचा वर्कशॉपवाला स्वतः बाप आहे, आणि डॉक्टरांचीही मुलं आजारी पडतात. कोपऱ्यात एक बुटकं टेबल ठेव, रद्दीतले एका बाजूने कोरे कागद दे आणि एक पंचिंग मशीन. पाच वर्षांच्या मुलाला पंचिंग मशीन तासभर पुरतं, खाली पडलेल्या टिकल्या गोळा करायला आणखी अर्धा तास. पिना आणि स्टॅपलर वरच्या कप्प्यात ठेव. आणि सासूबाईंना त्या दिवशी सांग, आज मी त्याला नेतेय, तुम्ही पडा.